स्रोत : इंटरनेट

भंडाऱ्यात माझं टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान आहे. एमबीबीएस झालेली मुलंमुली पुढे एमडी करू लागली की त्यांना प्रबंध लिहावा लागतो. प्रबंध ती लिहितात, असं म्हणायची पद्धत आहे. अर्धा तरी माझ्या दुकानात तयार होतो. कोष्टकं मी आखतो, चुकलेले परिच्छेद मी जागेवर आणतो, शेवटची संदर्भांची यादी मी लावतो आणि काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांत त्यांचं नाव मीच छापतो. माझं नाव कधी असलंच तर ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत असतं, 'सुबक टंकलेखनाबद्दल'. त्याचं मला वाईट वाटत नव्हतं. जे माझं नाही त्यावर मी कधी नाव मागितलं नाही.

मी बारावी नापास. लाखांदूरकडच्या एका खेड्यातून एसटीनं भंडाऱ्याला आलो तो टाइपरायटरचा क्लास लावायला. पुढे दुसऱ्याच्या दुकानात बसलो, मग त्याच्याच शेजारी स्वतःचं टाकलं. माझ्या मागे कोणी उभं नव्हतं. गाळा, वीज, झेरॉक्सचं मशीन, सगळं भांडून मिळवलं. घासाघीस करणं हा माझा स्वभाव आहे आणि त्याची मला लाज नाही. बाजारात पहिल्या भावाला मी कधी भाजी घेतलेली नाही. राग मात्र लवकर येतो. बायको म्हणते, तुम्ही जे बोलून कमावता ते ओरडून घालवता. ती दुकानात मागच्या बाजूला बसून पानं शिवते, खळ लावते आणि माझ्याबद्दल असं काहीबाही बोलत असते.

इंग्रजी मला डोळ्यांनी येतं. बोलता येत नाही, पण चुकलेलं दिसतं. विशेषतः संदर्भ. फार पूर्वी एका कडक प्राध्यापकाच्या विद्यार्थ्यानं मला नियमांचा एक कागद आणून दिला होता. पुस्तकाचा संदर्भ कसा द्यायचा, मासिकातल्या लेखाचा कसा, आणि वेबसाइटचा कसा. तो कागद मी पुठ्ठ्यावर चिकटवून समोरच्या भिंतीला टांगला. आजही आहे. पुस्तकाचं सोपं असतं, पुस्तक कपाटात बसून राहतं. वेबसाइटचं तसं नाही. ती आज असते, उद्या बदलते, परवा गायब होते. म्हणून तिथे लेखकाचं नाव, पानाचं शीर्षक, गाव, पान कधी टाकलं ती तारीख, तुम्ही ते कधी पाहिलं ती तारीख आणि शेवटी पत्ता, एवढं सगळं लिहावं लागतं. पाहिल्याची तारीख सर्वांत महत्त्वाची. तलाठी पंचनाम्याखाली तारीख टाकून सही करतो, तसंच ते आहे. मी या दिवशी इथे आलो होतो, मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आता खरं सांगतो. त्या तारखा मीच टाकत आलो.

आमच्या धंद्याची रीत अशी आहे की नवा विद्यार्थी येतो आणि म्हणतो, मागच्या मॅडमच्या प्रबंधासारखं करून द्या. विषय जवळचा असला की मागच्या मॅडमची संदर्भांची यादीही त्याला चालते. मी ती उचलायची, दोनचार नावं मागेपुढे करायची आणि वेबसाइटींच्या पुढची पाहिल्याची तारीख बदलून चालू महिन्यातली टाकायची. ते पान विद्यार्थ्यानं उघडलेलं नसतं. त्याच्या आधीच्या मॅडमनंही नसतं. मी तर नाहीच नाही. यातली कित्येक पानं बंद पडून वर्षं झाली असतील आणि माझ्या दुकानात ती दर उन्हाळ्यात कोणीतरी नव्यानं पाहिलेली असतात. परीक्षकही उघडत नाहीत. उघडली असती तर मी केव्हाच पकडला गेलो असतो.

हे मी आधीच सांगून टाकलं, कारण पुढे मी ज्या बाईंवर चिडलो आहे त्यांची बाजू घेऊन कोणी मला हे ऐकवू नये.

माझी आई रोवणीला जायची. धानाच्या बांधीत दिवसभर वाकून परे, म्हणजे भाताची रोपं, लावायची, पाय घोट्याच्या वर चिखलात. रोवणीच्या दिवसांत तिच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोलायच्या. आम्ही त्याला चिखल्या म्हणतो. मोहाच्या बियांचं तेल लावून ती चुलीसमोर पाय धरून बसायची. मी भंडाऱ्याला स्थायिक झाल्यावरही ती गावीच राहिली आणि वय झालं तरी रोवणी सोडली नाही. जाऊ नको म्हटलं की म्हणायची, घरी बसून का करू, तुझे कागद शिवू?

एका पावसाळ्यात मी गावी गेलो होतो. आमच्या गावच्या बायका जवळच्या बांध्यांत जायच्या, काही बायका मात्र लांबच्या गावांहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून यायच्या. आईनं मला सहज म्हणून एक गोष्ट सांगितली.

"पाय चिखलानं नाही सडत बापू, टॅक्टरात सडतेत."

मला आधी कळलं नाही. मग तिनं समजावलं. गावच्या बायका काम सुटलं की नहरावर पाय धुऊन सडकेनं चालत घरी येतात, घरी येईस्तोवर पाय वाळतात. ट्रॉलीतल्या बायका ओल्या लुगड्यात, चिखलाच्या पायांनी एकमेकींना चिकटून बसतात, गाव येईस्तोवर पाय तसेच ओले. चिखलातले तास दोघींचे सारखे. चिखल्या मात्र त्यांच्या आधी सुरू होतात आणि जास्त खोल जातात.

मी इतके प्रबंध टाईप केलेले. चिखल्यांवरही एकदोन केले होते. हे कोणत्याच प्रबंधात नव्हतं. दवाखान्यात येणारा पाय डॉक्टर बघतो, तो पाय कसा घरी गेला हे कोण विचारणार? मी एक वही केली. तीन रोवण्या लागोपाठ, जमेल तेव्हा गावी जाऊन बायकांना विचारून लिहिलं. कोण कशानं आली, कशानं गेली, पाय कधी धुतले, कधी वाळले, चिखल्या कधी दिसल्या. बायका हसायच्या. एक म्हणाली, पोरगी पाहाले आला का? पायच पाहून राहिला.

वहीतलं सगळं मी एका फुकटच्या ब्लॉगवर टाकलं. मराठीत, आणि खाली माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. पानावर माझं नाव, भंडारा, तारीख. सोबत एकच फोटो, आईच्या उजव्या पायाचा. बोटांच्या मधली कातडी पांढरी, आणि शेजारच्या बोटात झिजलेलं जोडवं. फोटो काढताना ती म्हणाली होती, "तोंडाचा काहून नाही काढत रे? पायाचा काढून का करशीन?" मी म्हटलं, डॉक्टर लोकांना दाखवीन. ती म्हणाली, त्यांनी पाहिला तर औषध पाठवतीन का? आणि पाय पदरानं पुसून पुन्हा पुढे केला.

पान कोणी वाचलं की नाही मला ठाऊक नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात आई गेली.

त्यानंतर दोन वर्षांनी एक डॉक्टर बाई दुकानात आल्या. माहेर भंडाऱ्याचं, बाहेरच्या एका कॉलेजात त्वचारोगात एमडी करत होत्या. बोलायला गोड. मला काका म्हणायच्या, बायकोला काकू. विषय होता भातशेतीतल्या मजूर बायकांच्या पायांचे त्वचारोग. मला आनंद झाला. वाटलं, आपलं पान दाखवू यांना. पण गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी आपला माल दाखवू नये, म्हणून गप्प राहिलो.

चार प्रकरणं झाली. पाचवं टाइपायला घेतलं. त्यात ट्रॉली होती. चालत जाणाऱ्या बायका, ट्रॉलीत बसणाऱ्या बायका, वाटेत वाळणारे पाय, न वाळणारे पाय. इंग्रजी सुधारलेलं होतं, पण क्रम माझाच होता, एकामागून एक, वहीत होता तसाच. त्यांनी स्वतः दवाखान्यातल्या बायकांना विचारलेलं होतं आणि त्यांचे आकडे आईच्या बोलण्याशी जुळत होते, हे मी मान्य करतो. पण विचारायचं काय, हे त्यांना कुठून सुचलं ते मला दिसत होतं.

पान उलटलं तर आईचा पाय. तेच जोडवं. खाली लिहिलं होतं, स्रोत : इंटरनेट.

मी खुर्चीवरून उठलो. बायकोला बोलावून पडदा दाखवला. तिनं हात पुसले, जवळ येऊन पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "मामीच आहेत ह्या." सासूला ती मामी म्हणते. मग ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या. मी रात्रभर ठरवलं होतं की ओरडायचं नाही, सौदा करायचा. प्रबंध सादर करायला चार दिवस उरले होते, म्हणजे वेळ माझ्या बाजूला होता. मी शांतपणे विचारलं, हा फोटो कुठला? त्या म्हणाल्या, नेटवरचा आहे. नेटवर कुठला? त्या म्हणाल्या, काका, शोधलं की येतात हो, खूप येतात.

"मॅडम, नेटवर पाय उगवत नाहीत," मी म्हटलं. "हा माझ्या मायचा पाय आहे."

त्यांना खरंच वाईट वाटलं. चेहरा पडला. मी तो पाहिला आणि तेव्हाच माझी मागणी पुढे केली. फोटोखाली माझ्या पानाचा संदर्भ हवा आणि ट्रॉलीच्या परिच्छेदालाही तोच क्रमांक हवा. त्या म्हणाल्या, ब्लॉगचा संदर्भ त्यांच्या सरांना चालत नाही, ज्याला कोणी तपासलेलं नाही ते शास्त्रात धरत नाहीत. मी म्हटलं, धरत नाही तर उचललं कसं? त्या म्हणाल्या, ऋणनिर्देशात तुमचं नाव ठळक घालते, वेगळ्या परिच्छेदात. मी नाही म्हटलं. फोटो काढून टाकते म्हणाल्या. मी म्हटलं, काढा, पण ट्रॉलीही काढा. ट्रॉली त्यांना काढता येत नव्हती. सगळा निष्कर्ष तिच्यावरच उभा होता.

शेवटी त्या माझ्या बोलीवर आल्या. म्हणाल्या, बरं, यादीत टाका. तुम्हाला सगळं येतं, तुम्हीच टाका.

कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. मी थांबलो नाही. दुसऱ्या कोणाच्याही पानाची तारीख मी डोळे मिटून टाकत होतो, पण या एका पानाची मला तशी नको होती. मी म्हटलं, मी टाकणार नाही. तुम्ही माझ्यासमोर पान उघडायचं, वाचायचं, मग तुम्ही सांगाल ती तारीख मी टाइपीन. त्यांनी मोबाइल काढला, पान उघडलं आणि बोटानं वरून खालपर्यंत सरकवलं. विहिरीत दोर सोडावा तेवढ्या वेगानं. मग म्हणाल्या, "झालं काका. आजची तारीख."

मी टाइपली. माझं आडनाव, नावाचं पहिलं अक्षर, पानाचं शीर्षक, भंडारा, पान टाकल्याची तारीख, पाहिल्याची तारीख, पत्ता. भिंतीवरच्या कागदाबरहुकूम, एक पूर्णविराम इकडचा तिकडे नाही. यादीतला शेवटचा क्रमांक. छापून त्यांच्या हातात दिली आणि सरांना दाखवून आणा म्हटलं, मग बांधू.

त्या परत आल्या नाहीत. फोनवर कळवलं की घाई होती म्हणून तिकडेच कॉलेजजवळ बांधून घेतला. माझे टायपिंगचे पैसे वेळेवर आले, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

वर्षभरानं त्याच कॉलेजातला एक विद्यार्थी आला. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यानं नमुन्यासाठी वरच्या वर्गाचा एक प्रबंध आणला होता. म्हणाला, असंच करून द्या, संदर्भ पण यातलेच घ्या. मी पाहिलं, तर तोच प्रबंध. बांधणी सैल, सोनेरी अक्षरं वाकडी. मी आधी शेवटचं पान उघडलं. यादीतला शेवटचा क्रमांक माझा नव्हता. माझ्या आधीच्या क्रमांकावर यादी संपली होती. ट्रॉलीचा परिच्छेद जागच्या जागी होता, त्यावर कोणताही क्रमांक नाही, म्हणजे ते बाईंचं स्वतःचं. आईचा पायही जागच्या जागी होता. खाली लिहिलेलं, स्रोत : इंटरनेट.

मला अडवायला आई उरली नव्हती, आणि बायको त्या वेळी बाजारात होती. विद्यार्थ्याला मी उद्या ये म्हणून घालवलं. कॉम्प्युटरवर ब्लॉग उघडला आणि पान काढून टाकलं. कायमचं काढायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. हो म्हटलं. पुन्हा एकदा विचारलं. पुन्हा हो म्हटलं. मला वाटलं, आता दाखवा म्हणावं कुठे आहे तुमचं इंटरनेट. घरातून चोरी झाल्यावर मालकानं घरच पेटवून द्यावं, तसं मी केलं होतं, आणि त्या दुपारी मला फार बरं वाटलं. जेवणही चांगलं गेलं.

बायकोला सांगितलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, मामींचा फोटो आपल्याकडे आहे ना? मी म्हटलं, मोबाइलमध्ये आहे. मग आठवलं, तो मोबाइल तलावात पडून बंद झाला होता, त्यानंतर मी दुसरा घेतला होता, आणि बाईंच्या प्रबंधाची फाइल तर पैसे आल्यावरच पुसलेली. तिनं तरी ट्रंक उघडून पाहिली, आत फक्त वही होती.  

यंदा, रोवणी संपता संपता, बाई पुन्हा दुकानात आल्या. आता मोठ्या डॉक्टर, स्वतःचा दवाखाना. केसांत थोडं पांढरं दिसलं. त्यांनी प्रबंधावरून एक लेख करून एका वैद्यकीय नियतकालिकाला पाठवला होता. तिथल्या तपासणाऱ्यानं दोन प्रश्न विचारले होते. पायाच्या फोटोचा नेमका स्रोत काय, इंटरनेट हा स्रोत होत नाही. आणि ट्रॉलीतल्या ओल्या पायांची कल्पना याआधी कोणी मांडली आहे का, मांडली असेल तर संदर्भ द्या.

मी ते पत्र दोनदा वाचलं. कोण तो माणूस, कुठे बसतो, मला माहीत नाही. एवढ्या वर्षांत यादीतलं पान उघडून पाहू पाहणारा तो पहिला.

"काका, तेव्हा सरांनी ती ओळ लाल पेनानं काढली," बाई म्हणाल्या. "मी भांडायला पाहिजे होतं. नाही भांडले. आता पूर्ण देते, तुमच्या नावासकट. फक्त ते पान सापडत नाहीये."

मी म्हटलं, सापडणार नाही. मीच काढलं.

 त्या म्हणाल्या, पुन्हा टाका, वही आहे ना? वही होती. मी लगेच खाली वाकून ट्रंकेतून काढलीही. आणि हातात धरल्यावर मला कळलं, जे मी इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवत आलो ते. पान आज टाकलं तर तारीख आजची पडणार. त्यांचा प्रबंध कॉलेजनं केव्हाच ऑनलाइन चढवलेला, त्याच्यावर त्या वर्षाची तारीख. जो कोणी दोन्ही शेजारी ठेवून पाहील तो म्हणेल, भंडाऱ्याच्या टायपिंगवाल्यानं डॉक्टरच्या प्रबंधातून उतरवलं. आणि प्रबंध त्यानंच टाइपला होता, म्हणजे पुरावाही तयार.

जुनी पानं साठवून ठेवणारी एक जागा इंटरनेटवर असते. कडक प्राध्यापकाच्या कागदातही तिचा उल्लेख आहे, की पान नाहीसं होण्याआधी तिथे त्याची प्रत ठेवावी. मी हे कितीतरी जणांना वाचून दाखवलं होतं. बाईंनी तिथेही शोधून पाहिलं होतं. माझं पान तिथे नव्हतं, कारण ते कोणी ठेवलं नव्हतं. मी तरी कुठे ठेवलं?

बाई म्हणाल्या, एक मार्ग आहे. लेखात लिहिता येतं की हे निरीक्षण अमुक व्यक्तीनं लेखिकेला तोंडी सांगितलं. पूर्ण नाव, गाव आणि तारीख.

"तारीख कोणती?" मी विचारलं.

"आजचीच टाकावी लागेल ना काका. तुम्ही आज सांगताय."

तिथे माझं डोकं फिरलं. मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. एवढं म्हणालो, मी आज सांगून राहिलो काय? माझी माय चिखलात उभी होती तेव्हा तुम्ही कॉलेजात होत्या. तुम्हाला सांगून झालं, दाखवून झालं, तुमच्या बोटानं वरून खाली सरकवून झालं. आता आजची तारीख टाकू? माझं नाव नका टाकू. कुठेच नका टाकू. बायको आतून बाहेर आली, मला खाली बसवू लागली. मी बसलो नाही.

बाई उठल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण म्हणा की गरज. पाणी प्यायल्या. थोड्या वेळानं हळू आवाजात म्हणाल्या, मग मला दुसरं सापडलंय ते द्यावं लागेल. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. आरोग्याच्या सल्ल्यांची कुठली तरी वेबसाइट. आजवर मी तिचं नाव ऐकलं नव्हतं. त्यावर माझं पान होतं. मराठी काढलेलं, मोडकं इंग्रजी जसंच्या तसं, वहीतल्या क्रमानं. लेखक म्हणून लिहिलं होतं, संपादक मंडळ. तारीख माझ्या पानानंतरची आणि बाईंच्या प्रबंधाच्या आधीची. मी माझं पान जाळलं तेव्हा हे तिथे होतंच, आणि त्या दिवसापासून जगात तेच पहिलं झालं होतं.

फोटोही होता. पण कापून लहान केलेला, आणि आईच्या बोटांवरून वेबसाइटचं नाव तिरप्या, फिकट अक्षरांत फिरवलेलं. जोडवं त्या अक्षरांखाली अर्धं दिसत होतं.

बाई म्हणाल्या, फोटो मी लेखातून काढतेच, परवानगीची भानगड नको. फक्त परिच्छेदाला हा संदर्भ लावते. त्यांनी तो लिहूनही आणला होता. कागद माझ्या टेबलावर ठेवला. मी बघणार नव्हतो, पण नजर गेलीच. शीर्षकाआधी पत्ता, पान टाकल्याची तारीख नाही, पाहिल्याची तारीख भलत्याच जागी. इतकं शिकून, प्रबंध लिहून, दवाखाना टाकून बाईंना वेबसाइटचा संदर्भ लिहिता येत नव्हता. मला चुकीचा संदर्भ पाहवत नाही. चांगलं नाही ते, पण पाहवत नाही.

मी खुर्ची ओढली आणि टाइपायला बसलो. संपादक मंडळ, पूर्णविराम. शीर्षक. पान टाकल्याची तारीख. मग पाहिल्याच्या तारखेपाशी आलो आणि हात थांबला. बाईंनी बारीक आवाजात सुचवलं की काका, आजचीच.

मी आधी पत्ता टाकून ते पान माझ्या कॉम्प्युटरवर उघडलं. वरून खालपर्यंत सगळं वाचलं. माझंच इंग्रजी, माझ्याच चुका. फोटोवर थांबलो. तिरप्या अक्षरांसकट तो उतरवून घेतला, कारण बाईंच्या प्रबंधातला मला घ्यायचा नव्हता आणि आता आमच्याकडे आईच्या पायाचा एवढाच फोटो आहे. मग पुन्हा यादीवर आलो आणि आजची तारीख टाकली. या दुकानातून गेलेल्या सगळ्या तारखांमध्ये पान वाचून टाकलेली ही एकच.

छापलेला कागद बाईंनी घेतला आणि किती झाले म्हणून विचारलं. मी हातानंच नको म्हटलं. त्या गेल्यावर बायको म्हणाली, एवढं भांडून शेवटी चोराचाच पत्ता सरळ लिहून दिला. मी म्हटलं, बरोबर लिहिला आहे, कुठे एक चूक दाखव.  वही उचलून तिनं ट्रंकेत ठेवली आणि ती पुन्हा पानं शिवायला बसली.